पाच गॅलन नेमके कुणाचे? एका होमब्रूइंग पॉडकास्टचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात घरी बिअर बनवणाऱ्यांचा एक छोटा क्लब आहे. क्लबातले दोघं मिळून दर पंधरा दिवसांनी पॉडकास्ट काढतात. निवेदिका निवृत्त रसायनतज्ज्ञ आहेत, तर सहनिवेदक पेशाने इलेक्ट्रिशियन असून ध्वनिमुद्रण आणि संपादनही तोच करतो. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

ब्रिटनमध्ये 1963 पासून स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते घरच्यासाठी का असेना. त्यामुळे खालची मापं आणि कृती जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठीच आहेत.

भाग साधारण 75 मिनिटांचा असे. पहिली वीस मिनिटं गप्पा, मग एखाद्या बिअरची चव घेणं, मग पाहुण्याची मुलाखत आणि शेवटी रेसिपी. पाहुणा बहुधा व्यावसायिक ब्रुअर असे आणि निवेदकांना त्याचा अभिमान होता. ऐकणारे बहुतेक ब्रिटन-आयर्लंडमधले, थोडे अमेरिकेतले.

काय बिघडलं

एका भागात अमेरिकी पाहुण्याने त्याच्या हेझी आयपीए या गढूळसर, सुवासिक बिअरची कृती सांगितली. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) 1.062, शेवटची 1.014 च्या आसपास, एकूण धान्य 5.6 किलो, त्यात बऱ्यापैकी ओट्स आणि गहू. सातव्या दिवशी, आंबणं जवळपास थांबल्यावर, आठ औंस हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) थेट फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, टाकायचे (याला ड्राय हॉपिंग म्हणतात) आणि तीन दिवसांनी बिअर भरायची. मापं 'फाइव्ह गॅलन'ची. मुलाखत रंगली आणि भाग सगळ्यांना आवडला.

महिनाभराने पत्रं यायला लागली. एकाने बाटली उघडली तर निम्मी बिअर छतापर्यंत उडाली. दुसऱ्याच्या जिन्याखालच्या कपाटात दोन बाटल्या रात्रीत फुटल्या. त्याने पाठवलेल्या फोटोत काचेचा एक तुकडा समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात रुतलेला दिसतो. तिसऱ्याच्या बिअरला वितळलेल्या लोण्याचा वास येत होता. चौथ्याची बिअर फसफसली नव्हती, पण पाणचट लागत होती.

चौथ्याचा उलगडा सगळ्यात आधी झाला. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. पाहुण्याचे पाच गॅलन म्हणजे 19 लिटर. ब्रिटनमध्ये छंदाच्या किटांचं माप पूर्वीपासून 40 पाइंट, म्हणजे सुमारे 23 लिटर, आणि तिथल्या जुन्या मंडळींच्या तोंडी 'पाच गॅलन' म्हणजे तेवढंच. या गृहस्थांनी 19 लिटरच्या धान्यात 23 लिटर बिअर केली. 1.062 मधले 62 गुणिले 19 भागिले 23 केलं की 51 येतात. त्यांनी मोजलेली ग्रॅव्हिटी 1.051 होती.

बाकीच्यांचा घोटाळा जास्त खोल होता. सगळ्यांनी बाटल्या भरल्या होत्या आणि हॉप्स टाकल्यानंतर ग्रॅव्हिटी कुणीच मोजली नव्हती. मोजतील तरी कशाला? आंबणं थांबलंय असं भागात सांगितलं होतं आणि हॉप्समध्ये साखर नसते असं सगळेच धरून चालतात.

हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे, ती तुकडे करतात आणि त्यांतून पचणारी साखर तयार होते. ब्रुअर याला 'हॉप क्रीप' म्हणतात. 1893 मध्ये ब्राउन आणि मॉरिस या इंग्लिश शास्त्रज्ञांनी हे नोंदवलं होतं. पुढे जवळजवळ विसरलं गेलं आणि लिटरमागे दहा-बारा ग्रॅम हॉप्स टाकायची पद्धत आली तेव्हा पुन्हा डोकं वर काढलं. 19 लिटरला आठ औंस, म्हणजे 227 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅम. एवढ्या हॉप्सनी 1.014 वर थांबलेली बिअर हळूहळू 1.010 पर्यंत उतरू शकते.

हे चार पॉइंट (ग्रॅव्हिटीचा एक हजारांश म्हणजे एक पॉइंट) बाटलीत उतरले तर काय होतं, त्याचा हिशोब निवेदिकेने मांडला. एक पॉइंट उतरला की सुमारे अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या निम्मा, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चार पॉइंट म्हणजे दोन व्हॉल्यूम. श्रोत्यांनी बाटलीत फसफस यावी म्हणून नेहमीप्रमाणे 2.4 व्हॉल्यूमसाठी लिटरमागे सहा ग्रॅम साखर घातलेली होतीच. बेरीज 4.4. अर्धा लिटरची साधी तपकिरी बाटली तीन व्हॉल्यूमच्या पुढे न्यायची नसते.

लोण्याचा वासही त्यातलाच. यीस्ट पुन्हा कामाला लागलं की लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटाइलचा कच्चा माल नव्याने तयार होतो. यीस्टला वेळ मिळाला तर ते तो वास स्वतःच निस्तरतं. तीन दिवसांत बिअर भरली तर तो वेळ मिळत नाही.

पाहुणा चुकीचं काहीच बोलला नव्हता, आणि या प्रकरणातली खरी मेख इथेच आहे. तो बिअर केगमध्ये, म्हणजे धातूच्या पिंपात, भरतो आणि 3 अंश सेल्सिअसला ठेवतो. तिथे यीस्ट झोपलेलं असतं, वायू बाहेरच्या सिलिंडरमधून येतो आणि पिंप महिन्याभरात रिकामं होतं. 'भरायची' या शब्दाचा त्याच्या गॅरेजमधला अर्थ ऐकणाऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या अर्थापेक्षा वेगळा होता आणि तो कुणी विचारला नाही. आजी 'मावेल तेवढं पीठ घाल' म्हणते तेव्हा तिची परात तिच्या डोळ्यांसमोर असते. ऐकणाऱ्याला ती परात दिसत नाही.

समोर असलेले पर्याय

सहनिवेदकाचं पहिलं मत भाग काढून टाकावा असं होतं. त्यात अडचण अशी की ज्यांच्या कपाटात बाटल्या आधीच भरलेल्या होत्या, त्यांना काहीच कळलं नसतं. शिवाय एकदा फोनवर उतरवलेला भाग मूळ जागेवरून काढला किंवा बदलला तरी बहुतेक ॲपमध्ये जुनाच राहतो.

दुसरा पर्याय भागाच्या वर्णनात दुरुस्ती लिहिण्याचा. फुकटात होणारं काम, पण पॉडकास्ट ऐकणारा माणूस वर्णन वाचत नाही. तो गाडी चालवत असतो नाहीतर बाटल्या विसळत असतो.

तिसरा पर्याय पाहुण्याला पुन्हा बोलावून त्याच्याच तोंडून खुलासा घेण्याचा. सौजन्याचा मार्ग तोच होता. चौथा, सगळी बिअर पुन्हा करून, मोजून, दुरुस्तीचा पूर्ण भाग काढण्याचा. त्याला सहा आठवडे लागणार होते.

दोघांनी आधी तिसरा धरला आणि पाहुण्याच्या उत्तरासाठी सहा दिवस थांबले. पाहुणा प्रवासात होता. त्या सहा दिवसांत आणखी एका श्रोत्याची बाटली फुटली. कुणाला इजा झाली नाही, पण हा निर्णय चुकलाच. काच फुटतेय म्हटल्यावर सौजन्य बाजूला ठेवायला हवं होतं.

काय केलं

सातव्या दिवशी चार मिनिटांचा स्वतंत्र भाग काढला. नावातच 'बाटल्या तपासा' असं होतं, कारण वर्णन न वाचणाराही नाव पाहतो. आत गप्पा नव्हत्या, सूचना होत्या. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा कोट घाला. बाटल्या हिंदकळू न देता झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा आणि क्रेट फ्रिजमध्ये 3 अंशांवर पूर्ण एक दिवस राहू द्या. त्यानंतरच एकेक बूच ओपनरने जेमतेम उचला, सुस्कारा थांबेपर्यंत धरून ठेवा आणि नवीन बूच बसवा. जागा नसेल तर क्रेट घराबाहेर सावलीत, माणसांपासून लांब ठेवा.

थंड का करायचं हेही सांगितलं. चार व्हॉल्यूमच्या बिअरचा बाटलीतला दाब 20 अंशांना साधारण साडेतीन बार असतो. तीच बाटली 3 अंशांना आणली की तो 1.8 बारच्या आसपास येतो, म्हणजे नेहमीची बाटली खोलीच्या तापमानाला जेवढा दाब सहन करते जवळपास तेवढाच. कारण कळलं की माणूस एक दिवस धीर धरतो. नुसतं 'थंड करा' म्हटलं तर तासाभराने बूच उचलतो.

त्यानंतर बिअर पुन्हा केली. 20 लिटर वर्ट (धान्याचा न आंबलेला गोड काढा) दोन फर्मेंटरमध्ये दहा-दहा लिटर असं वाटलं. दोन्हींत एकच यीस्ट, दोन्हींना सातव्या दिवशी लिटरमागे 12 ग्रॅम हॉप्स. हॉप्सच घोळ करतात हे दाखवायला त्याच बिअरचा एक लिटर हॉप्स न टाकता बरणीत बाजूला काढला. पहिल्या फर्मेंटरमधली बिअर दहाव्या दिवशी, पाहुण्याच्या सांगण्यानुसार भरली, पण काचेत नाही, प्लास्टिकच्या पेट बाटल्यांत. पेट बाटली दाब वाढला की दगडासारखी टणक होते आणि दाबून पाहता येते. बॅचमधली एक तरी बाटली पेट ठेवावी, हा क्लबातल्या जुन्यांचा जुना सल्ला आहे आणि तो पाळायला काही खर्च नाही.

दुसरा फर्मेंटर 20 अंशांवर तसाच ठेवला. नमुना दोन पेल्यांत आलटूनपालटून ओतून वायू काढायचा, 20 अंशांना आणायचा, हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी) सोडून एकदा फिरवायचा म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, आणि द्रवाच्या सपाट रेषेवर आकडा वाचायचा. सातव्या दिवशी 1.014, दहाव्याला 1.013, चौदाव्याला 1.011, सतराव्याला 1.010, विसाव्याला 1.010. बरणीतली बिअर 1.014 वरून हलली नाही.

मग लोण्याची चाचणी. दोन लहान बरण्यांत नमुना घ्यायचा, एक झाकण लावून 60 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, दुसरी थंड. मग पहिली थंड करून दोन्ही हुंगायच्या. तापवलेलीला लोण्याचा वास आला तर कच्चा माल शिल्लक आहे, थांबायचं. चौदाव्या दिवशी वास स्पष्ट होता, विसाव्याला नव्हता. त्या दिवशी बाटल्या भरल्या.

श्रोत्यांना काय हवं होतं

इथवरचं प्रकरण दुरुस्तीचं होतं. पण पत्रं वाचताना निवेदिकेला जाणवलं की असा घोटाळा पुढच्या कुठल्याही भागात होऊ शकतो. म्हणून त्यांनी श्रोत्यांना विचारायचं ठरवलं, आणि प्रश्न काय विचारायचा यावर दोघांचा चांगलाच वाद झाला. सहनिवेदकाला 'कोणते विषय आवडतील?' हा प्रश्न हवा होता. निवेदिकेचं म्हणणं, अशा प्रश्नाला लोक यादी देतात आणि ती यादी नेहमी सारखीच असते. त्यांनी विचारलं: 'आमच्या भागातलं काहीतरी तुम्ही शेवटचं कधी वापरलंत? तेव्हा हात कशात होते? आणि कोणती गोष्ट दुसरीकडे शोधावी लागली?' या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय असं आमचं मत आहे.

उत्तरं ठोस आली. बरेच जण भाग ब्रू करायच्या दिवशीच ऐकतात. मॅशच्या (धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढण्याच्या) एका तासात आणि उकळीच्या एका तासात हात चिकट असतात, वाफ असते, फोन लांब फडताळावर असतो. अशा वेळी रेसिपी बाहत्तराव्या मिनिटाला येऊन उपयोग नाही, आणि आकडा एकदाच, घाईत सांगून तर मुळीच नाही. इंग्लिशमध्ये ब्रुअर 1.014 ला 'टेन फोर्टीन' म्हणतात आणि 1.040 ला 'टेन फॉर्टी'. वर्ट उकळत असताना हे दोन आकडे सारखेच ऐकू येतात. पंधरा आणि पन्नास ग्रॅमचीही ('फिफ्टीन' आणि 'फिफ्टी') तीच गत. एकाने 'सिक्स्टी-एट' ऐकून विचारलं होतं की हे सेल्सिअस की फॅरनहाइट. प्रश्न अगदी रास्त होता, कारण मॅश 68 अंश सेल्सिअसला करतात आणि यीस्ट 68 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 20 सेल्सिअसला टाकतात. एकाच रेसिपीत दोन्ही येतात.

दुसरी मागणी अशी होती की मागच्या बिअरचं पुढे काय झालं ते सांगा. निवेदक एखादी बिअर करायला घेत, उत्साहाने सांगत आणि पुढे तिचं नावही निघत नसे. चांगली झाली की फसली, फसली तर का, हे ऐकायला लोक उत्सुक होते. फसलेल्या बॅचबद्दल तर जास्तच. त्यात निवेदकांची फजिती पाहण्याची हौस नव्हती. आपल्या फर्मेंटरमध्ये आज जे दिसतंय ते आधी कुणाला दिसलं होतं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मोठ्या ब्रुअरींच्या पाहुण्यांचं कौतुक श्रोत्यांना निवेदकांएवढं नव्हतं. हजारो लिटरच्या टाकीत यीस्टवर दाब वेगळा असतो, थंड करायची सोय वेगळी असते, सेंट्रिफ्यूज असतं. तिथलं शहाणपण 20 लिटरच्या बादलीत जसंच्या तसं उतरत नाही. श्रोत्यांना व्यावसायिकही चालत होते, पण त्यांना 'हे घरी, फ्रिजशिवाय, बाटलीत कसं कराल?' असं विचारणारं कुणीतरी समोर हवं होतं.

चव घेण्याच्या भागावर मतं फुटली. काहींना ती गंमत वाटे. पण 'रसाळ', 'गोल', 'स्वच्छ' या शब्दांतून घरी काय बदलायचं ते कळत नाही, अशी तक्रार होती. एका श्रोतीने लिहिलं की दोन पद्धतींत फरक आहे म्हणता, तर आंधळी चाचणी घ्या. तिचं म्हणणं योग्य होतं. तीन पेले, दोन एकाच बिअरचे आणि एक वेगळा, वेगळा ओळखायचा. बारा जण असतील तर किमान आठ जणांनी ओळखायला हवा, वीस असतील तर अकरा. त्याहून कमी असतील तर ते नुसत्या अंदाजानेही जमून गेलं असेल.

आणि गप्पा? त्या कुणालाच पूर्ण बंद नको होत्या. फक्त सुरुवातीला नको होत्या.

परिणाम

आता भागाचा क्रम उलटा आहे. पहिल्या पाच मिनिटांत रेसिपीचं कार्ड वाचतात, ठरलेल्या क्रमाने, सावकाश, दोनदा: फर्मेंटरमध्ये किती लिटर, सुरुवातीची ग्रॅव्हिटी, शेवटची ग्रॅव्हिटी, धान्य किलोत आणि किती टक्के कार्यक्षमता (धान्यातली किती साखर उतरते) धरून, हॉप्स लिटरमागे ग्रॅममध्ये आणि त्यांचं अल्फा ॲसिड (कडूपणा देणारा घटक), यीस्ट, तापमान सेल्सिअसमध्ये, बाटली की केग, आणि शेवटी 'तयार झाली हे कशावरून ओळखायचं'. आकडा म्हणून झाला की त्याचे अंक सुटे सांगतात: 'टेन फोर्टीन, वन-फोर'. ऐकायला थोडं शाळकरी वाटतं. गोंधळ मात्र थांबला.

पाहुण्याला मुद्रणाआधी प्रश्न जातात, त्यात सगळ्यात वरचा 'बिअर कशात भरता आणि किती अंशांना ठेवता?' हा. तो अमेरिकी पाहुणा नंतर आला, मोकळेपणाने बोलला आणि एक उपयोगी पर्यायही सांगून गेला: हॉप्स टाकण्याआधी बिअर 14 अंशांपर्यंत उतरवायची, बरंचसं यीस्ट तळाला बसू द्यायचं, मग हॉप्स. एन्झाइमही मंदावतात आणि यीस्टही. घरी फ्रिज आणि तापमान नियंत्रक असेल तरच हे जमतं, हे या वेळी आठवणीने विचारून घेतलं.

भाग 75 वरून 50 मिनिटांवर आला. श्रोते फारसे वाढले नाहीत. व्यावसायिकांच्या लांब मुलाखतींसाठी येणारे काही जण गेलेही. पण पत्रांचा पोत बदलला. पूर्वी 'छान भाग' एवढंच येई, आता आकड्यांसकट येतं: इतके लिटर, इतका दिवस, इतकी ग्रॅव्हिटी, हा वास, काय करू? अशा पत्रांतून निवडून दर दुसऱ्या भागात दहा मिनिटं एकाच श्रोत्याच्या बॅचला दिली जातात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं फुटलेल्या बाटलीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी इशारा जायला हवा होता. कारण माहीत नसलं तरी 'या रेसिपीच्या बाटल्या थंड करा, उघडू नका' एवढं सांगायला कारणाची गरज नव्हती.

जुना भाग पुन्हा चढवताना त्यांनी दुरुस्ती सुरुवातीला जोडली, रेसिपीच्या जागी नाही. जे मधूनच रेसिपीवर उडी मारतात त्यांच्या कानावर ती पडत नाही. दुरुस्ती जिथे चूक होती त्याच मिनिटाला हवी, आणि सुरुवातीलाही.

दहाव्या दिवशी भरलेल्या पेट बाटल्यांची ग्रॅव्हिटी दर आठवड्याला एक बाटली उघडून मोजली असती, तर बाटलीत नेमकं किती उतरलं हेही श्रोत्यांना देता आलं असतं. त्यांनी फक्त शेवटची मोजली.

एक प्रश्न अजून तसाच आहे. क्लबातले बरेच जण थंडीत तापमान न राखता गॅरेजमध्ये ब्रू करतात. तिथे 12-13 अंशांना ग्रॅव्हिटी तीन दिवस स्थिर दिसते, पण ती यीस्ट गारठल्यामुळे. बाटल्या घरात आल्या की पुन्हा सुरू. कार्डावरची शेवटची ओळ आता बदलली आहे: फर्मेंटर 20 अंशांच्या खोलीत आणून, तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा तोच आकडा आला, तरच भरा.